मुका मार : पाणथरीपासून चोवीस गुणांपर्यंत

१/ कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकूर समाजाच्या वस्त्या आहेत. त्यांतील अनेकींचे नावच ठाकुरवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. वाडीला मोटाररस्ता नव्हता. मदतपथके पायी चढून गेली. अशा जागी पोटाला मुका मार लागलेला माणूस ओळखणे सर्वांत कठीण. जखम दिसत नाही, रक्त आतच साचते. मग आधी कोणाला खाली न्यायचे?

२/ हे ओळखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाणथरीभोवती, म्हणजे प्लीहेभोवती, फिरतो. हिवतापाने वाढलेली पाणथरी किरकोळ माराने फुटू शकते. १८७५ मध्ये आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने कटवारू या आपल्या मोतद्दाराला मारले. तो थोड्याच वेळात मरण पावला. शवविच्छेदनात पाणथरी फुटलेली आढळली. फुलरला शिक्षा झाली ३० रुपये दंडाची. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालाबद्दल नापसंती नोंदवली. आतली इजा कळली, ती मृत्यूनंतर; आणि तीच मारणाऱ्याच्या पथ्यावर पडली.

३/ शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्यावर पाणथरी फुटली की काढून टाकण्याचा प्रघात पडला. १९५२ मध्ये अमेरिकेतील किंग आणि शुमाकर यांनी, रक्ताच्या आजारासाठी पाणथरी काढलेल्या पाच अर्भकांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे दाखवले. हा अवयव बिनकामाचा नव्हता.

४/ १९६८ मध्ये भारतीय बालशल्यविशारद पी. उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी टोरोंटोतील अनुभव मांडला : निवडक मुलांत फुटलेली पाणथरी शस्त्रक्रियेविना भरून येते. आता कोणाचे पोट उघडू नये, हेही ठरवणे भाग पडले. त्यासाठी मोजमाप हवे होते.

५/ १९८९ मध्ये अमेरिकी शल्यविशारदांनी पाणथरीच्या इजेच्या पाच श्रेणी ठरवल्या. मात्र श्रेणी कळण्यासाठी सीटी स्कॅन तरी हवा, नाहीतर पोट उघडायला हवे.

६/ २०१४ मध्ये इराणमधील माजिद शोजाई व सहकाऱ्यांनी खाटेजवळच मोजता येईल अशी २४ गुणांची पद्धत मांडली. पोटदुखी २, दाबल्यावर दुखणे ३, छातीवर माराच्या खुणा १, कटिरास्थी मोडणे ५, सोनोग्राफीत पोटात द्रव दिसणे ८, वरचा रक्तदाब १०० पेक्षा कमी ४, नाडी १०० पेक्षा जास्त १. बेरीज ८ पेक्षा कमी असल्यास धोका कमी, ८ ते १२ मध्यम, १२ च्या वर मोठा.

७/ डोंगरातल्या वाडीच्या दृष्टीने पाहा. क्ष-किरण आणि सोनोग्राफी वगळली, तरी २४ पैकी ११ गुण डोळे, हात, घड्याळ आणि रक्तदाबाचा पट्टा यांवर मिळतात. पोट दुखते, दाबल्यावर कळ येते, रक्तदाब ९० : बेरीज ९. रक्ताचा थेंब न दिसताही या माणसाला थांबवून ठेवता येत नाही.

८/ मात्र उलट अर्थ काढता येत नाही. यंत्राविना आलेली कमी बेरीज म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. पाणथरी काही दिवसांनीही फुटू शकते. म्हणून नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. कटवारूच्या पाणथरीची नोंद शवविच्छेदनाच्या अहवालात झाली. ती नोंद माणूस जिवंत असताना व्हावी, एवढ्यासाठी ही सारी बेरीज.