'रूपांतर'मधले 'अंतर'

'रूपांतर' शब्दाची फोड करायला सांगितली की विद्यार्थी 'रूप + अंतर' असे बिनचूक सांगतात. मात्र 'अंतर' म्हणजे फरक, असे समजतात. इथे 'अंतर' म्हणजे 'दुसरे'. वेषांतर म्हणजे दुसरा वेष, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसे रूपांतर म्हणजे दुसरे रूप. रूप दुसरे झाले. आतल्या वस्तूचे काय झाले, हे शब्द सांगत नाही. शिकवताना अडचण येते ती इथेच, असे आम्हांला वाटते.

भंडारा जिल्ह्यापुरते पाहू. इथे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाची अळी वाढते. कोशात तिच्या बऱ्याचशा ऊती विरघळतात आणि पतंगाचे अवयव नव्याने घडतात. हे रूपांतर. याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या खडकांनाही आपण 'रूपांतरित'च म्हणतो.

हा योगायोग नाही. कीटकांच्या अशा बदलाला युरोपात 'मेटॅमॉर्फोसिस' म्हणत. ग्रीक 'मॉर्फे' म्हणजे रूप. चार्ल्स लायेल यांनी 1833 मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'च्या तिसऱ्या खंडात खडकांसाठी 'मेटॅमॉर्फिक' हा शब्द आणला. मराठीतही दोन्हीकडे 'रूपांतर' आले.

पण खडकाचे रूपांतर अळीसारखे नसते. मध्य भारतातील मँगनीजच्या खडकांचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एल. एल. फर्मर यांनी केला. क्वार्ट्‌झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या खडकाला त्यांनी 1909 मध्ये गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिले. (जगाच्या भूशास्त्रात आपल्या आदिवासींचे नाव आहे, हे वर्गात जरूर सांगावे.) मुळात हा वाळू, चिखल आणि मँगनीज यांचा गाळ. खोलवर उष्णता व दाब यांमुळे त्यातल्याच मँगनीज, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांची नवी खनिजे बनली, तीही घनावस्थेत. 'खडक वितळून पुन्हा घट्ट झाला' असे उत्तरपत्रिकेत अनेकदा दिसते. तो पूर्ण वितळला असता तर शिलारस झाला असता, आणि थिजल्यावर आपण त्याला अग्निजन्य म्हटले असते.

डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी जाते. बॅटरीत रासायनिक ऊर्जेचे विद्युत् ऊर्जेत होते तेही रूपांतरच. तिथे एकूण ऊर्जा तेवढीच राहते. आणि गणिताच्या तासाला मीटरचे सेंटीमीटरमध्ये रूपांतर करतो, तेव्हा तर लांबीला काहीच होत नाही, फक्त आकडा बदलतो.