‘वयच तसे आहे’ : किशोरवयीन नैराश्य ओळखण्याचा पाऊणशे वर्षांचा प्रवास

१/ किशोरवयीन मूल महिनोन्महिने अबोल, चिडखोर झाले की घरातील वडीलधारे म्हणतात, “वयच तसे आहे.” विसाव्या शतकात बराच काळ शास्त्राचेही हेच मत होते. ते कसे रूढ झाले आणि कसे ढासळले, याविषयी हा धागा.

२/ १९०४. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाचे अध्यक्ष जी. स्टॅनली हॉल यांचा ‘ॲडोलेसन्स’ हा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अठराव्या शतकातील एका जर्मन साहित्यचळवळीचे नाव उसने घेऊन त्यांनी या वयाला ‘वादळ आणि ताण’ यांचा काळ ठरवले.

३/ हॉल यांना मुलांची उदासी दिसली होती. ती अकराव्या वर्षी सुरू होते, पंधराव्या वर्षापर्यंत वाढते आणि तेविसाव्या वर्षापर्यंत ओसरते, असे त्यांनी नोंदवले. पण जे आपोआप ओसरणार, त्याची चिंता कशाला, असाही अर्थ यातून सहज निघत होता.

४/ पुढे मनोविश्लेषणाने त्यात भर घातली. नैराश्य म्हणजे कठोर ‘पराहम्’ने स्वतःवरच केलेला प्रहार, अशी त्यांची मांडणी होती. लहान मुलांत पराहम् पक्व नसतो. म्हणून त्यांना खरे नैराश्य येऊच शकत नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

५/ किशोरांविषयी ॲना फ्रॉइड यांनी १९५८ मध्ये मत मांडले की, या वयात सतत स्थिरचित्त असणे हेच अस्वाभाविक होय. अस्वस्थता हाच नियम ठरला, तर आजारी मूल निराळे ओळखायचे कसे?

६/ यातील बरीचशी मते दवाखान्यात आलेल्या मुलांवरून बनली होती. न येणाऱ्यांचे काय? १९६०च्या दशकात मायकेल रटर व सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर दहा-अकरा वर्षांच्या सर्वच मुलांची पाहणी हाती घेतली.

७/ पालक व शिक्षकांकडून माहिती घेतली गेलीच; शिवाय निवडक मुलांशी मनोविकारतज्ज्ञ स्वतः बोलले. हीच मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली. त्यावरील प्रसिद्ध निबंध १९७६चा. किशोरवयीन वादळ हे सत्य की कल्पित, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता.

८/ उत्तर दुहेरी होते. बहुतेक घरांत आईवडील व मुलांमध्ये दुरावा नव्हता. वादळाचे वर्णन अतिरंजित होते. मात्र अनेक मुलांनी आपण मनातून दुःखी असल्याचे सांगितले, आणि मोठ्यांना त्याचा बहुधा पत्ताच नव्हता. दहाव्या वर्षी विरळ असलेले नैराश्य पंधराव्या वर्षापर्यंत स्पष्टपणे वाढले होते.

९/ १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने नैराश्याचे मूळ निकष मुलांनाही लागू केले आणि बालवयातील चिंताविकारांना स्वतंत्र स्थान दिले. १९८७च्या सुधारणेत महत्त्वाची भर पडली : मुलांत व किशोरांत खिन्नतेऐवजी चिडचिडही नैराश्याचे लक्षण असू शकते.

१०/ निदान झाले की उपचारांची पारख करता येते. २००४ मध्ये १२ ते १७ वयोगटातील ४३९ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. औषध व बोधात्मक वर्तनोपचार एकत्र दिलेल्या गटात १२ आठवड्यांत ७१ टक्के मुले सुधारली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे ३५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने इशाराही दिला : नैराश्यावरील औषधांनी काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

११/ रुसवा येतो आणि जातो. उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, झोप, भूक व अभ्यास बिघडला, तर ‘वय’ हे उत्तर पुरेसे नाही. मरणाची भाषा आली, तर दोन आठवडेही थांबू नये.

१२/ आइल ऑफ वाइटचा धडा साधा आहे : मुलाला स्वतंत्रपणे, शांतपणे विचारावे आणि उत्तर मधेच न तोडता ऐकावे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. (धागा समाप्त)