समुद्र एका काचेवर, आकाश दुसऱ्या

सूर्यास्ताचा फोटो काढताना आकाश नीट आले तर जमीन काळीठिक्कर होते. जमीन दिसली तर आकाश पांढरेफटक. आपला डोळा आकाशावरून जमिनीकडे वळताना उजेडाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्यात मात्र साऱ्या दृश्याला प्रकाश मिळण्याचा वेळ एकच असतो.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली कलोडियन पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातली ओली काचपट्टी निळ्या व अतिनील किरणांनाच संवेदनशील, पिवळ्या-तांबड्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळे निळे आकाश तिच्यावर इतके जोरात उमटे की ढग त्यात बुडून जात.

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने यावर सरळ तोड काढली. १८५७ साली सेत येथे घेतलेल्या ‘मोठी लाट’ या चित्रात समुद्राची निगेटिव्ह वेगळी, आकाशाची वेगळी. कागदावर छापताना दोन्ही क्षितिजरेषेवर जोडलेल्या. गंमत अशी की, तेच ढग त्याच्या एकाहून अधिक सागरचित्रांत दिसतात! ही फसवणूक म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. ढग उसने होते खरे. पण ढगांविना कोरे आकाश तरी कुठे खरे होते?

पिवळ्या काचेने निळा प्रकाश अडवावा, तर त्या पट्टीला दिसणारा बहुतेक प्रकाशच अडला असता. हे कोडे १८७३ साली सुटू लागले. पट्टीत विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तिला हिरवा प्रकाशही ‘दिसतो’, हे हेरमान फोगेल या जर्मन रसायनज्ञाला आढळले. पुढे वर गडद आणि खाली फिकट होत जाणारे पिवळे फिल्टर आले. रंगीत फिल्मवर मात्र पिवळ्या काचेने आकाशच पिवळे झाले असते, म्हणून तिथे सर्व रंग सारखेच अडवणारी राखाडी काच हवी.

ही काच निवडणे म्हणजे लॉगरिदमचे एक गणितच. ०.३ घनतेची काच निम्मा प्रकाश सोडते, ०.६ ची पाव, ०.९ ची अष्टमांश. कारण २ चा लॉग सुमारे ०.३. दोन काचा एकावर एक ठेवल्या की घनतांची बेरीज होते. सूर्य सोडून बाजूचे आकाश जमिनीच्या आठपट उजळ असेल, तर ०.९ ने दोन्ही सारखी होतील. पण सारखी व्हावीत कशाला? संध्याकाळी आकाश उजळच असते. म्हणून जाणकार अनेकदा ०.६ वर थांबतात. समुद्राचे क्षितिज सरळ, तिथे गडद-फिकट सीमा तीव्र असलेली काच चालते. डोंगररांगेला मात्र हळूहळू विरणारीच हवी, नाहीतर शिखरे काळी पडतात. सूर्य टेकताना सर्वांत उजळ असतो तो क्षितिजालगतचा पट्टा. त्यासाठी मध्ये गडद आणि वर फिकट अशी ‘उलटी’ काचही निघाली आहे.

काच जास्त गडद झाली, हे फोटोत ओळखता येते: तळ्यातले प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ दिसते. पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग नेहमीच आत शिरतो. परतणारा प्रकाश मूळ प्रकाशाहून जास्त कसा असेल?