ज्यांचे ऐकले गेले नाही त्यांची साक्ष : फ्रँकलिनची जहाजे आणि इनुइट स्मृती

१/ २ सप्टेंबर २०१४. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर, ॲडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेस, अवघ्या ११ मीटर खोल पाण्यात सोनार यंत्राला एका जहाजाची आकृती दिसली. १८४५ साली इंग्लंडहून निघून नाहीसे झालेले ब्रिटिश आरमाराचे 'एरेबस' ते हेच. दीड शतकाचे गूढ उकलले, अशी बातमी जगभर झाली. त्या किनाऱ्यावर राहणारे लोक मात्र आपल्या भागात एक मोठे जहाज बुडाल्याचे १८७९ पूर्वीपासून सांगत आले होते. हा धागा त्यांच्या सांगण्याविषयी आहे, आणि ते का ऐकले गेले नाही याविषयीही.

२/ प्रथम पार्श्वभूमी. युरोपातून उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून आशियाकडे जाणारा सागरी मार्ग शोधणे ही ब्रिटनची जुनी महत्त्वाकांक्षा. १९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे त्यासाठी निघाली. बर्फ फोडण्यासाठी लोखंडी आवरण, वाफेची इंजिने, तीन वर्षांची शिधासामग्री अशी जय्यत तयारी होती. ग्रीनलंडनंतर जहाजांवर १२९ माणसे उरली. त्यांपैकी एकही परतला नाही.

३/ लिखित पुरावा किती? मोहिमेचा वृत्तान्त सांगणारा एकमेव महत्त्वाचा कागद १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर सापडला. जहाजे सप्टेंबर १८४६ मध्ये बर्फात अडकली, ११ जून १८४७ रोजी फ्रँकलिन मरण पावले, एप्रिल १८४८ मध्ये उरलेल्या १०५ जणांनी जहाजे सोडून दक्षिणेकडे पायी कूच केले, एवढेच त्यावरून कळते. पुढे काय झाले, यावर कागद मौन आहे.

४/ कागद मौन असला तरी प्रदेश निर्मनुष्य नव्हता. ब्रिटिश नकाशांवर कोरा दिसणारा हा भाग नेत्सिलिक आणि इतर इनुइट समूहांचा होता. 'इनुइट' म्हणजे 'माणसे'. 'एस्किमो' हे बाहेरच्यांनी दिलेले नाव आज अवमानकारक मानले जाते. प्रत्येक उपसागराला, प्रत्येक शिकारीच्या जागेला त्यांचे नाव होते. ॲडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडील टापूला ते 'उत्जुलिक' म्हणत, म्हणजे दाढीवाल्या सीलांचे ठिकाण. हे नाव लक्षात ठेवा.

५/ १८५४ मध्ये हडसन बे कंपनीचे डॉक्टर आणि सर्वेक्षक जॉन रे पेली बे परिसरात पोहोचले. रे हे ऑर्कनी बेटांचे. बर्फाची घरे बांधणे, शिकारीवर गुजराण करणे, हलक्या सामानानिशी चालणे हे त्यांनी स्थानिकांकडून शिकून घेतले होते. तेथे इन्नूकपूझीजूक नावाच्या इनुइट गृहस्थाने त्यांना सांगितले की, काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडे, एका मोठ्या नदीच्या पलीकडे, सुमारे ३५ ते ४० गोरे लोक उपासमारीने मेले.

६/ रे यांनी आणखी विचारपूस केली. इनुइट लोकांकडून चांदीचे चमचे, काटे आणि खुद्द फ्रँकलिन यांचे मानचिन्ह विकत घेतले. त्यांनी आरमाराला जो अहवाल दिला त्यात एक भयंकर बाब होती : शेवटच्या अवस्थेत या लोकांनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले होते. ऑक्टोबर १८५४ मध्ये 'द टाइम्स'ने हा अहवाल छापला आणि लंडन हादरले.

७/ फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन यांनी चार्ल्स डिकन्सशी संपर्क साधला. डिसेंबर १८५४ मध्ये डिकन्सने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात या प्रश्नावर दोन भागांत दीर्घ लेख लिहिला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : सुसंस्कृत इंग्रज खलाशी असे करणे शक्य नाही, रानटी माणूस मात्र स्वभावतःच लोभी, विश्वासघातकी आणि क्रूर असतो, तेव्हा त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. कदाचित इनुइटांनीच या लोकांना ठार केले असेल, असेही त्याने सुचवले.

८/ येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण डिकन्सच्या लेखातील काही शंका रास्त होत्या. रे यांच्याशी बोलणाऱ्यांनी मृतांना प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांनी इतरांकडून ऐकले होते. मधे दुभाषी होता. रे स्वतः त्या जागी गेले नव्हते. इतिहासाचा कोणताही विद्यार्थी हेच प्रश्न विचारील. परंतु डिकन्स तेथे थांबला नाही. साक्ष तपासण्याऐवजी त्याने साक्षीदाराचा वंश तपासला. साधनचिकित्सा आणि पूर्वग्रह यांतील फरक तो हाच. रे यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर देऊन इनुइटांची बाजू मांडली, पण जनमत फिरले नाही.

९/ मौखिक स्मृती किती काळ टिकते? याची एक कसोटी थोड्याच वर्षांत लागली. १८६१ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकी प्रवासी बॅफिन बेटावर होता. तेथील एका वृद्ध स्त्रीने त्याला सांगितले की, फार पूर्वी गोरे लोक जहाजांतून सलग तीन वर्षे आले होते. शेवटच्या वर्षी पुष्कळ जहाजे होती. पाच गोरे मागे राहिले होते.

१०/ तिने सांगितलेला काळ होता १५७६ ते १५७८! मार्टिन फ्रोबिशरच्या तीन इंग्लिश मोहिमा त्याच भागात आल्या होत्या. तिसरीत १५ जहाजे होती, आणि पहिल्या मोहिमेत त्याचे पाच खलाशी खरोखरच मागे राहिले होते. इनुइटांनी दाखवलेल्या बेटावर हॉलला दगडी कोळसा, कौलांचे तुकडे आणि खोदलेला चर सापडला. कागदाची मदत न घेता सुमारे २८५ वर्षे ही आठवण जपली गेली होती. इंग्लिश दप्तरात जे होते, तेच तिच्या मुखी होते.

११/ हॉलला हे शक्य झाले ते टुकूलिटो आणि इबीअरबिंग या इनुइट दांपत्यामुळे. १८५३ साली हे दोघे इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटले होते. टुकूलिटो उत्तम इंग्रजी बोलत असे. प्रश्न तिच्या मुखातून गेले, उत्तरे तिच्या मुखातून आली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या हॉलचे. उत्तर ध्रुव प्रदेशाच्या संशोधनात ही श्रमविभागणी पुढे शतकभर चालली : ज्ञान स्थानिकांचे, ग्रंथकर्तृत्व पाहुण्यांचे.

१२/ १८६९ मध्ये हॉल किंग विल्यम बेटावर पोहोचला आणि त्याला एक हृदयद्रावक हकीकत कळली. चार इनुइट कुटुंबांना वाटेत गोऱ्यांचा एक उपाशी जथा भेटला होता. कुटुंबांनी त्यांना सीलचे मांस दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघून गेली. हॉल संतापला : यांनी माणसांना मरणाच्या दारात सोडले! पण हिशेब मांडून पाहा. शिकारीवर जगणारी चार कुटुंबे, आणि बर्फातून सील मारण्याचे कसब नसलेले कित्येक भुकेलेले पुरुष. थांबले असते तर मरणाऱ्यांत मुलांचीही भर पडली असती.

१३/ १८७८ ते १८८० दरम्यान अमेरिकी लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाटका आला. सोबत तोच इबीअरबिंग. उत्जुलिककडील पुहटूराक या वृद्धाने त्यांना सांगितले : ॲडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेस बर्फात एक मोठे जहाज अडकले होते. आत एका गोऱ्या माणसाचे प्रेत होते. आत शिरण्याची वाट न कळल्याने लोकांनी जहाजाच्या कुशीला भोक पाडले. बर्फ वितळल्यावर ते बुडाले आणि डोलकाठ्यांची टोके पाण्यावर दिसत राहिली. जागा, अवस्था, बुडण्याची रीत, असे सारे तपशील या जबानीत होते.

१४/ ही जबानी छापली गेली, ग्रंथालयांत राहिली. तरीही पुढील शतकभर फ्रँकलिनचा इतिहास प्रामुख्याने त्या एका कागदावरून लिहिला गेला. पुतळे उभे राहिले, वेस्टमिन्स्टर ॲबीत स्मारक झाले. १९९१ मध्ये डेव्हिड वुडमन या अभ्यासकाने हॉल, श्वाटका आदींनी नोंदवलेल्या इनुइट साक्षी एकत्र करून, एकमेकींशी ताडून त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे त्या केंद्रस्थानी आल्या.

१५/ मग हाडे बोलू लागली. किंग विल्यम बेटावर सापडलेल्या सुमारे ४०० हाडांचा अभ्यास १९९७ मध्ये ॲन कीनलीसाइड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ हाडांवर सुरीने मांस कापल्याच्या खुणा होत्या. २०२४ मध्ये अशाच खुणा असलेला एक जबडा डीएनएच्या आधारे ओळखला गेला. तो 'एरेबस'चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचा होता. इन्नूकपूझीजूकने सांगितलेली गोष्ट खरी ठरायला १४३ वर्षे लागली. त्या खुणांना नाव मिळायला १७०.

१६/ या काळात स्मृती जपणारे गप्प नव्हते. ग्योआ हेवन या वस्तीतील लुई कामूकाक (१९५९–२०१८) यांना बालपणी पणजीने किनाऱ्यावर सापडलेल्या गोऱ्यांच्या वस्तूंच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी आयुष्यभर वृद्धांच्या आठवणी आणि स्थाननामे गोळा केली. पदवीधर नसलेला हा इतिहासकार गावोगावच्या आठवणी प्रवाशांच्या रोजनिशींशी ताडून पाहत असे. माझ्या मते साधनचिकित्सेचा हा उत्तम नमुना आहे.

१७/ २०१४ च्या शोधासाठी दक्षिणेकडील क्षेत्र निवडले गेले ते इनुइट साक्षींच्या आधारे. जवळच्या एका बेटावर जहाजाचा लोखंडी भाग दिसला आणि दुसऱ्या दिवशी 'एरेबस' सापडले, उत्जुलिकमध्येच. २०१६ मध्ये ग्योआ हेवनचे सॅमी कोग्विक यांनी शोधनौकेवरील सहकाऱ्यांना सांगितले की, काही वर्षांपूर्वी टेरर बे या उपसागरात बर्फातून वर आलेले एक लाकूड आपण पाहिले होते. नौका तिकडे वळली. ३ सप्टेंबरला 'टेरर' सापडले.

१८/ येथे धागा संपवला तर कथा फार गोड होईल. याच उत्तरेत राज्यसंस्था काय करत होती? इनुइट नावे नोंदवणे अवघड वाटले म्हणून १९४१ पासून कॅनडाने प्रत्येकाला क्रमांक कोरलेली चकती दिली. सरकारदरबारी माणूस म्हणजे तो क्रमांक. १९५३ ते १९५५ दरम्यान क्वेबेकमधील इनुक्जुआकची कुटुंबे फार दूर उत्तरेस, अपरिचित आणि अधिक कठोर प्रदेशात हलवली गेली. त्याबद्दल सरकारने २०१० मध्ये माफी मागितली.

१९/ म्हणून 'त्यांचे ऐकले नाही' हा केवळ अभ्यासकांचा दोष नाही. ज्याची साक्ष चालत नाही, त्याचा भूमीवरचा दावाही चालत नाही. हे इनुइटांनी नेमके ओळखले. १९७० च्या दशकात एका प्रकल्पात शिकाऱ्यांनी आपण आयुष्यभर कोठे शिकार केली, कोठे तळ टाकले, हे नकाशांवर रेखाटले. १९७६ मध्ये त्याचे तीन खंड निघाले. मौखिक स्मृती आता वाटाघाटीच्या टेबलावर पुरावा म्हणून आली.

२०/ १९९३ मध्ये करार झाला. सुमारे ३,५०,००० चौरस किलोमीटर भूमीवर इनुइट मालकी मान्य झाली. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा प्रदेश अस्तित्वात आला. या शब्दाचा अर्थ 'आपली भूमी'. त्या करारात पुरातत्त्वीय वस्तूंवरील अधिकाराचीही तरतूद होती. २०१८ मध्ये ब्रिटनने दोन्ही जहाजांचे अवशेष कॅनडाला दिले. वर आलेल्या वस्तूंची मालकी आता कॅनडा आणि इनुइट यांची संयुक्त आहे. ग्योआ हेवनचे रहिवासी या स्थळांवर रक्षक म्हणून काम करतात.

२१/ त्याच वर्षी कॅनडातील इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने संशोधनाविषयी आपले धोरण प्रसिद्ध केले. प्रश्न कोण ठरवणार, निधी कोणाच्या हाती, गोळा केलेली माहिती कोणाच्या मालकीची, या बाबतीत निर्णयाचा अधिकार इनुइटांना हवा, ही त्याची मागणी. वसाहतवादाचे निर्मूलन म्हणजे ऋणनिर्देशात एक नाव वाढवणे नव्हे; प्रश्न विचारण्याचा अधिकार वाटून घेणे होय.

२२/ आणि शेवटी एक सावधगिरी. मौखिक परंपरा नेहमी अचूक असते, असे या कथेवरून सिद्ध होत नाही. काही इनुइट साक्षींत फ्रँकलिनची मोहीम आणि तिच्या आधीची, १८२९ ते १८३३ ची जॉन रॉस यांची मोहीम यांची सरमिसळ झालेली दिसते. वुडमन आणि कामूकाक यांना त्या वेगळ्या कराव्या लागल्या. मौखिक साक्षीचा आदर करणे म्हणजे ती डोळे झाकून स्वीकारणे नव्हे. कागदाला आपण जेवढ्या गांभीर्याने प्रश्न विचारतो, तेवढ्याच गांभीर्याने तिलाही विचारावेत.

२३/ पदव्युत्तर वर्गात आम्हाला शिकवले जाते की, साधन जितके घटनेच्या जवळचे तितके मोलाचे. ती शिकवण बरोबरच आहे. पण 'जवळ' कोण होते, हे आपण कित्येकदा कागद पाहून ठरवतो. १८४८ नंतर किंग विल्यम बेटावर जवळ होते ते इनुइट. आरमार, डिकन्स आणि लेडी जेन हजारो मैल दूर होते. तरी दीड शतक त्यांचाच शब्द प्रमाण मानला गेला.

पुढच्या वेळी एखाद्या प्रदेशाविषयी 'पुरावाच उपलब्ध नाही' असे वाचाल, तेव्हा एवढेच विचारा : तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले होते का?

धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्या अवश्य कळवाव्यात.