अबुकीरचे स्पार्क प्लग

१/ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. खाडीपलीकडच्या मुंबईत मात्र १९२९ सालीच चोवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले होते. १० फेब्रुवारी रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

२/ त्याच सुमारास आगाखानांनी स्पर्धा जाहीर केली. इंग्लंड-भारत हे अंतर एकट्याने, महिन्याभरात कापणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंड! मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून (हे शहर तेव्हा मुंबई इलाख्यातच होते) निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होते. दोघांची विमानेही एकाच जातीची, जिप्सी मॉथ.

३/ इजिप्तमधील अबुकीरला जेआरडी उतरले, तेव्हा अस्पी तेथे अडकून पडले होते. कारण क्षुल्लक वाटेल असे: स्पार्क प्लग.

४/ या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नसे. मॅग्नेटोतील चुंबक इंजिनाबरोबर फिरतो, तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, संपर्कबिंदू नेमक्या क्षणी उघडतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. हा ‘नेमका क्षण’ फार महत्त्वाचा. इंधन पेटायला वेळ लागतो, म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याआधीच ठिणगी हवी. आजच्या अनेक छोट्या विमान-इंजिनांत सुमारे २५ अंश आधी. मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या, तर हा अवधी जेमतेम दोन सहस्रांश सेकंदाचा! ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते आणि तापते, उशिरा पडली तर शक्ती वाया जाते.

५/ सिलिंडर चार, प्रत्येकाला दोन प्लग, आणि मॅग्नेटोही दोन. मग एक प्लग गेल्याने काय बिघडते? इंजिन बंद पडत नाही, हे खरे. पण ज्वाला एकाच बाजूने पसरते, ज्वलन लांबते, म्हणजे ठिणगी उशिरा पडल्यासारखेच होते. उड्डाणापूर्वी आळीपाळीने एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती घटतात ते वैमानिक आजही पाहतात, ते याचसाठी. आणि अस्पींच्या पुढे तर वाळवंट होते.

६/ जेआरडींनी आपल्याकडचे सुटे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पींनी बदल्यात आपले जीवरक्षक जाकीट दिले. जेआरडींना भूमध्य समुद्र ओलांडायचा होता.

७/ बक्षीस अस्पींना मिळाले. १९६० साली ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर विमान उतरवले.