एक मूठ पाला, दोन माप पाणी: चिनी वनौषधी आणि पुराव्याचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, चिनी जडीबुटीमागे काही विज्ञान आहे का, की सगळी श्रद्धाच?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. म्हणून आज आपण तो जरा उलगडून पाहू. सुरुवात मात्र चीनपासून करायची नाही, आपल्या गोंदियापासून करायची.

तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता. तो झाला १ मे १९९९ ला. आम्ही लहानपणी भंडारा जिल्ह्यातलेच. मामाचं गाव सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. पावसाळा सरला की त्या पट्ट्यात हिवताप ठरलेला. आमच्या मामेभावाला ताप भरला. वैदूने भुईनिमाचा कडू रस दिला. संध्याकाळी घाम सुटून ताप उतरला आणि घरात सगळे म्हणाले, "पाला लागू पडला!" एक दिवस सोडून पुन्हा हुडहुडी. पुन्हा रस, पुन्हा ताप उतरला. तिसऱ्या वेळी मात्र पोराची शुद्धच हरपली. बैलगाडीने आमगावकडे निघालो, पण तो वाटेतच गेला. नऊ वर्षांचा होता.

आम्ही त्या वैदूला दोष देत नाही. त्याने पैसाही घेतला नव्हता. पण पुढे तत्त्वज्ञान शिकवताना हे उदाहरण आमच्या मनातून कधी गेलं नाही. हिवतापाचा स्वभावच असा की ताप चढतो आणि आपोआप उतरतो, पाळीने येतो. अशा रोगात तुम्ही काहीही द्या, रस द्या, अंगारा द्या, नुसतं पाणी द्या. त्यानंतर ताप उतरणारच. 'नंतर' झालं म्हणून 'त्यामुळे' झालं, ही चूक तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातली. घरातलं माणूस तापाने फणफणत असतं तेव्हा तो धडा कुणाला आठवतो?

आता चीनकडे वळू. चीन आपल्याला अगदी परका नाही. १९३८ साली काँग्रेसने तिथे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, अवघ्या ३२ व्या वर्षी.

पुढे व्हिएतनामचं युद्ध पेटलं. जंगलात सैनिक हिवतापाने मरत होते आणि क्लोरोक्विनला परजीवी दाद देईनासे झाले होते. २३ मे १९६७ ला चीनने एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरूनच त्याचं नाव पडलं, प्रकल्प ५२३. १९६९ मध्ये थू यूयू या संशोधिकेकडे एका गटाची जबाबदारी आली. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, शिवाय चिनी वैद्यकाचंही शिक्षण घेतलेली बाई. तिच्या गटाने जुने ग्रंथ धुंडाळले, वैद्यांना भेटून दोन हजारांवर नुस्खे गोळा केले. सुमारे दोनशे वनस्पतींपासून ३८० अर्क काढून हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले.

त्यात छिंगहाओ नावाची वनस्पती होती. तिचा अर्क एकदा चांगला परिणाम दाखवी, पुढच्या वेळी जेमतेम. असं का? थू यूयू पुन्हा ग्रंथांकडे गेली. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने लिहून ठेवलं होतं की मूठभर पाला दोन माप पाण्यात भिजवावा, पिळावा आणि तो रस प्यावा. पिळावा! उकळावा असं नाही. चिनी काढे तर बहुधा उकळूनच करतात. मग उष्णतेनेच गुण जात नसेल ना? तिने ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले परजीवी पूर्ण नाहीसे केले. माणसांना देण्याआधी तिने आणि सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. १९७२ मध्ये हायनान बेटावर रुग्णांना दिला, आणि त्याच वर्षी शुद्ध द्रव्य हाती आलं. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ चं नोबेल त्यासाठीच.

आता सांगा, हा विजय कुणाचा, परंपरेचा की विज्ञानाचा? हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९३८ मध्येच एक भेद सांगून ठेवला आहे. कल्पना सुचणं वेगळं आणि ती सिद्ध होणं वेगळं. गे होंगने कल्पना दिली, आणि तिचं मोल फार मोठं. पण सिद्धता दिली ती उंदरांनी आणि हायनानच्या रुग्णांनी. त्याच दोन हजार नुस्ख्यांत इतरही शेकडो वनस्पती होत्या. त्याही जुन्या आणि ग्रंथात लिहिलेल्याच, पण चाचणीत त्या टिकल्या नाहीत.

आपल्याकडेही असं घडलं आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ५० रुग्णांना देऊन रक्तदाब मोजला आणि १९४९ मध्ये तो निबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला. मग जगाने सर्पगंधेकडे पाहिलं. पुढे तिच्यातलं रेसरपीन वेगळं काढलं गेलं आणि काही रुग्णांना त्याने औदासीन्य येतं हेही कळलं. गुण आणि दोष, दोन्ही मोजल्यावरच दिसले.

"हजार वर्षं वापरतात, म्हणजे निर्धोक," असं लोक म्हणतात. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया आली. कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना कर्करोगही झाला. आपल्याकडची ईश्वरी ही वेल याच कुळातली, हे ध्यानात ठेवा. वर्षांनंतर उमटणारी इजा वैद्याच्या अनुभवाला दिसत नाही. अनुभव खोटा नसतो, पण त्याची नजर आखूड असते.

आणखी एक. आपला चैत्रातला दवणा छिंगहाओच्या वंशातलाच, पण जात निराळी. नात्यावरून गुण ठरत नाही. खुद्द छिंगहाओचा चहा पिऊन हिवताप घालवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यात द्रव्य किती उतरेल याचा भरवसा नाही, आणि अपुऱ्या मात्रेने परजीवी निर्ढावतात. म्हणूनच हे औषध दुसऱ्याच्या जोडीने देतात. आज सालेकसा-देवरीच्या आरोग्य केंद्रात फॅल्सिपेरम निघालं की ज्या गोळ्या मिळतात, त्यांत आर्टेमिसिनिनपासून केलेलंच औषध असतं.

म्हणजे मामेभावाला वाचवू शकलं असतं असं औषध शेवटी पाल्यातूनच निघालं. तो पाला आमच्या वैदूजवळ नव्हता एवढंच नाही. त्याच्याजवळ जो होता तो तपासायची रीतही आमच्यापैकी कुणाजवळ नव्हती. वैदूला हसू नका, त्याच्या पायाही पडू नका. त्याला विचारा, लिहून घ्या, आणि मग तपासा. अंगात ताप असेल तर आधी रक्त तपासा.

आज इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.