नियम आधीं, पूर मागाहून

नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पावसाळ्यांत पाणी चढूं लागलें, कीं आतां काय करावें याचा खल कोणी करीत बसत नाहीं. पाणी गाभाऱ्यांत आलें म्हणजे उत्सवमूर्ति वर नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात; उत्तरेकडून शिरलेलें पाणी पादुकांवरून दक्षिणद्वारें बाहेर पडूं लागलें, कीं भाविक त्यांत स्नान करितात. पुराच्या वेळचें वर्तन पुरापूर्वींच ठरलेलें असतें. ज्या संगणकाच्या चुकीनें माणसाचा जीव जाईल, त्याची आज्ञावली लिहिणाऱ्यांना मात्र हा धडा फार मोठें मोल देऊन शिकावा लागला.

थेरॅक-२५ हें कर्करोगावर किरणोपचार करणारें यंत्र. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें सहा रोग्यांना त्यानें प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतले कांहीं दगावले. आधींच्या यंत्रांत धोका अडविणारे स्वतंत्र अडसर होते. येथें तो भार आज्ञावलीवर टाकिला होता. तींत तपासणीची खूण म्हणून एक अंक दर फेरीस एकानें वाढे. त्याला जागा २५५ पर्यंतच. पुढच्या फेरीस तो शून्य होई, आणि शून्याचा अर्थ ‘तपासणी नको’ असा होता!

४ जून १९९६ रोजीं युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. कारण त्याच जातीचें : ३२,७६७ पर्यंतच्याच अंकाला पुरणाऱ्या जागेंत त्याहून मोठा अंक आला. आज्ञावलीचा तो भाग एरियान-४ साठीं लिहिलेला होता, व तेथें तो बिनबोभाट चालला होता.

सी ही भाषा लिहिणाऱ्यास फार मोकळीक देते. म्हणून १९९८ मध्यें ब्रिटनच्या मोटार-उद्योगांतील ‘मिस्रा’ मंडळानें तिच्या वापरासाठीं १२७ नियम छापिले. २००६ मध्यें नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेंतील जेरार्ड होल्झमान यांनीं दहाच सांगितले : प्रत्येक आवर्तनास कमाल मर्यादा असावी, काम सुरू झाल्यावर नवी स्मृति मागूं नये, आज्ञावलीचा प्रत्येक घटक एका छापील पानावर मावावा.

‘हे निर्बंध बुद्धिमंताला जाचक नव्हेत काय?’ असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. जाचक आहेतच. पण चतुराईनें लिहिलेलें लिहिणाऱ्यासच कळतें. साधें लिहिलेलें दुसऱ्यास तपासतां येतें. नियमांनीं चुका संपत नाहींत, त्या वेळेवर दिसूं लागतात. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर विचारास सवड कोठची?